विचारलं नाही, म्हणून दिसलं नाही : गर्भारपण आणि दारू यांचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वाशिम जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली आजी आठ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आली. ताप होता. तपासलं, औषध लिहिलं. उठता उठता आजी म्हणाली, "साहेब, ताप उतरन, पन याच्या डोस्क्याचं काहीतरी पाहा. सकाळी सांगतलं ते दुपारी इसरते. मास्तर म्हनते, पोरगं एका जागी बसतच नाई."

मग मी त्या मुलाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वयाच्या मानानं उंची कमी, डोकं लहान. डोळ्यांच्या फटी आखूड. नाकाखाली वरच्या ओठापर्यंत उतरणारी पन्हळ असते, ती जवळजवळ सपाट. वरचा ओठ अगदी पातळ. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं. खरं तर पाहिलं असेलही, पण ओळखलं नव्हतं.

पुढच्या खेपेला त्याच्या आईला बोलावलं. ती माझीच जुनी पेशंट. या मुलाच्या वेळी तिचं रक्त कमी होतं म्हणून मीच तिला गोळ्या दिल्या होत्या. तंबाखू-मिश्रीबद्दल विचारलं होतं, रागावलोही होतो. दारूबद्दल विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "वीटभट्टीवर होतो साहेब तवा. रातच्याले हे घेत, तर मले बी देत. अंग लय दुखे." आणि थोड्या वेळानं, "तुमी कवा इचारलंच नाई."

त्या वाक्यात आरोप नव्हता, पण ते मला अजून टोचतं. मुलाला अकोल्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि मी या विषयाचा इतिहास वाचायला बसलो. वाचताना लक्षात आलं की ही चूक माझ्या एकट्याची नाही. गर्भातल्या बाळाला दारू इजा करते, हे माणसाला पुन्हा पुन्हा दिसलं आणि पुन्हा पुन्हा त्याच्या नजरेआड झालं. तो इतिहास आज आपण पाहू. पुढच्या गर्भवतीला आपण काय विचारायचं, ते त्यातून नीट कळतं.

चरकापासून सुरुवात

आपल्याकडची सगळ्यात जुनी नोंद चरकसंहितेत सापडते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची एक लांब यादी आहे. त्यात नित्य मद्य पिणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख येतो. तिचं मूल सतत तहानलेलं, कमी स्मरणशक्तीचं आणि अस्थिर चित्ताचं होतं, असं तिथं म्हटलं आहे. आजीनं वऱ्हाडीत जे सांगितलं, त्याच्याशी हे ताडून पाहा : सांगितलेलं विसरतो, एका जागी बसत नाही.

पण यावरून "आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं म्हणायची घाई नको. त्याच यादीत आजच्या विज्ञानाला न पटणारी विधानंही आहेत. उदाहरणार्थ, भांडखोर गर्भवतीचं मूल अपस्मारी होतं, असं तिथं म्हटलं आहे. त्याच अध्यायात गर्भ मृत झाल्यावर तो काढल्यानंतर वेदना शमवण्यासाठी स्त्रीला मद्य पाजायलाही सांगितलं आहे. भूल किंवा वेदनाशामक नसलेल्या काळात ते समजण्यासारखं आहे. आपण एवढंच म्हणू की कुणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. पुढे त्या निरीक्षणाची कुणी पडताळणी केली नाही, म्हणून ते पोथीतच राहिलं.

"मद्य हेच औषध" ही दुसरी बाजू मात्र घराघरांत टिकली. सर्दी झालेल्या लेकराला ब्रँडीचे दोन थेंब, बाळंतिणीला अंग शेकायच्या जोडीला दशमूलारिष्ट. १८५१ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी विल्यम वुडवर्ड यांनी बाळांच्या पोटदुखीसाठी ग्राइप वॉटर तयार केलं. त्याच्या मूळ कृतीत सुमारे ३.६ टक्के अल्कोहोल होतं. आता ग्राइप वॉटरच्या बाटल्यांवर "अल्कोहोलविरहित" असं ठळक छापलेलं असतं. ते छापावं लागतं, यातच मागचा इतिहास आला.

तुरुंगाच्या डॉक्टरनं केलेला हिशेब

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात जिन नावाची दारू इतकी स्वस्त झाली की लंडनच्या गरीब वस्त्यांत बायका-पुरुष दोघंही ती पिऊ लागले. १७२६ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं पार्लमेंटला निवेदन दिलं. या दारूपायी दुबळी, रोगट मुलं जन्माला येत आहेत, अशी त्यात तक्रार होती. हे दिसत होतं, पण दोष दारूचा, गरिबीचा की आनुवंशिकतेचा, हे वेगळं काढता येत नव्हतं.

ते काढायचा पहिला चांगला प्रयत्न १८९९ मध्ये झाला. विल्यम सलिव्हन हे लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर. त्यांनी तिथल्या १२० दारूबाज स्त्रियांची माहिती घेतली. या स्त्रियांना मिळून ६०० मुलं झाली होती. त्यांपैकी ३३५, म्हणजे जवळजवळ ५६ टक्के, मृत जन्मली किंवा दोन वर्षांची व्हायच्या आत दगावली. पण आकडा सांगून ते थांबले नाहीत. या स्त्रियांपैकी काहींच्या न पिणाऱ्या नातेवाईक स्त्रिया त्यांनी शोधल्या. घराणं तेच आणि बऱ्याच अंशी गरिबीही तीच. तरी त्या स्त्रियांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे २४ टक्केच होतं. म्हणजे फरक रक्तातला नव्हता. एकाच आईच्या पहिल्या बाळांपेक्षा नंतरच्या बाळांत मृत्यू वाढत जातात, हेही त्यांना दिसलं. दारू जितकी वर्षं जास्त, तितकं नुकसान जास्त.

सगळ्यात बोलकी नोंद पुढची आहे. काही स्त्रियांना गर्भारपणात सुरुवातीलाच शिक्षा झाली आणि नाइलाजानं त्यांची दारू सुटली. त्यांची ती बाळं जगली. तुरुंगाच्या अन्नावर आणि तुरुंगाच्या भिंतीआड, तरी जगली. "आता थांबून काय उपयोग?" या प्रश्नाचं उत्तर तिथं सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं : कधीही थांबलं तरी उपयोग होतो.

मग हे विसरलं कसं?

याची तीन कारणं मला दिसतात.

पहिलं म्हणजे शास्त्र आणि उपदेश यांची सरमिसळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारूबंदीवाले, धर्मोपदेशक आणि "वंश सुधारू" म्हणणारे या सगळ्यांनी हा मुद्दा उचलला. त्यात अतिशयोक्ती खूप झाली. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि विषयाची पतच गेली. १९४२ मध्ये येल विद्यापीठातल्या हॅगार्ड आणि जेलिनेक या अभ्यासकांनी गर्भाला दारूनं अपाय होतो हे जुनं मत निकालात काढलं. अशा मुलांचं नुकसान होतं ते वाईट परिस्थितीमुळे आणि कमकुवत घराण्यामुळे, असा त्यांचा सूर होता. पुढे कितीतरी डॉक्टर तेच शिकले.

दुसरं कारण वारेवरचा विश्वास. वार ही जणू किल्ल्याची तटबंदी, आईच्या शरीरातलं विष ती बाळापर्यंत जाऊच देत नाही, असं मानलं जाई. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गर्भारपणात रुबेला झालेल्या आयांच्या बाळांना मोतीबिंदू होतो हे दाखवलं आणि या तटबंदीला पहिलं भगदाड पडलं. १९६१ मध्ये थॅलिडोमाइड या साध्या झोपेच्या गोळीमुळे हातपाय खुंटलेली बाळं जन्मल्याचं उघड झालं, तेव्हा तटबंदी पुरती कोसळली.

तिसरं कारण आम्हा डॉक्टरांना खाली मान घालायला लावणारं आहे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिट्झ फुक्स आणि सहकाऱ्यांनी मुदतीपूर्वीच्या कळा थांबवण्यासाठी गर्भवतीला शिरेतून अल्कोहोलचं सलाईन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अल्कोहोलमुळे कळा आणणाऱ्या संप्रेरकाचा स्राव दबतो, असा त्यामागचा तर्क. १९७० च्या दशकात ही पद्धत अनेक रुग्णालयांत वापरली गेली. बाई पलंगावर झिंगलेल्या अवस्थेत, उलट्या होतायत आणि डॉक्टर शेजारी उभे. जे डॉक्टर स्वतःच गर्भवतीला दारू चढवत होते, ते तिला दारूबद्दल काय विचारणार?

सिॲटलची आठ मुलं

फुक्स यांच्या लेखानंतर एकाच वर्षानं, १९६८ मध्ये, फ्रान्सच्या नान्त शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमॉइन यांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ, मंद बुद्धी, चंचलता, सगळं त्यात होतं. पण लेख फ्रेंचमध्ये होता आणि एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात. जगानं तो वाचला नाही. प्रादेशिक भाषेत लिहिणाऱ्या माझ्यासारख्यानं हे विशेष लक्षात ठेवायला हवं!

त्याच सुमाराला अमेरिकेत सिॲटलला क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टरला वजन न वाढणाऱ्या बाळांचा अभ्यास करताना एक गोष्ट दिसली : यांतल्या अनेकांच्या आया खूप दारू पिणाऱ्या होत्या. त्यांनी हे वरिष्ठांच्या कानावर घातलं. जन्मजात व्यंगांचे जाणकार डेव्हिड स्मिथ आणि केनेथ जोन्स यांनी ही मुलं पाहिली. १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आठ मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. ही मुलं एकमेकांच्या नात्यातली नव्हती आणि तीन वेगवेगळ्या वंशांची होती, तरी चेहरे भावंडांसारखे. त्याच वर्षी या स्थितीला नाव मिळालं : फीटल अल्कोहोल सिंड्रोम. मराठीत आपण "गर्भमद्य विकार" म्हणू.

नाव मिळालं आणि जगभरच्या डॉक्टरांना ती मुलं आपापल्या वॉर्डात दिसू लागली. मुलं आधीपासून तिथंच होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलनं १९८१ मध्ये गर्भवतींनी दारू अजिबात घेऊ नये असा सल्ला दिला. १९८८ च्या कायद्यानं तिथल्या बाटल्यांवर गर्भवतींसाठीचा इशारा छापणं सक्तीचं झालं.

आपल्याकडे : दारूचा इतिहास आहे, पण त्यात ही बाई नाही

आता आपल्या घरी येऊ. दारूविरुद्धच्या लढ्याचा महाराष्ट्राचा इतिहास कमी नाही. १८८० मध्ये पुण्यात नव्या दारूगुत्त्यांना विरोध करणारं पत्र महात्मा फुल्यांनी नगरपालिकेला लिहिलं. ते स्वतः तिचे सदस्य होते. १९१९ मध्ये गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं आणि सुधाकर-सिंधू ही जोडी मराठी मनात कायमची बसली. १९३८ मध्ये आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, १९४९ मध्ये मुंबईचा. पुढे १९९३ मध्ये लोकांच्या, विशेषतः बायांच्या, रेट्यामुळे गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. गावोगाव "आडवी बाटली" साठी मतदान करणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. पिणारा नेहमी पुरुष आणि सोसणारी बाई. सुधाकर पितो आणि सिंधू जात्यावर दळण दळते. त्या घरातलं बाळ बापाच्या दारूपायी जातं. चित्र खोटं नाही. माझ्या दवाखान्यात रोज अशा सिंधू येतात. पण ते इतकं पक्कं बसलं आहे की सिंधूही कधी घोटभर घेत असेल, हा विचार आपल्याला शिवतच नाही. इंग्लंडनं पिणाऱ्या आईला दोष दिला, आपण ती नाहीच असं मानलं. दोन्हीकडे बाळ मात्र उपचाराविना राहिलं.

आकडेही असंच सांगतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या भारतीय पुरुषांपैकी १८.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १.३ टक्के दारू घेतात असं आढळलं. स्त्रियांचा आकडा लहान आहे. पण सासू शेजारी बसली असताना परक्या माणसाला "हो, घेते" असं म्हणायची किती जणींची हिंमत होईल? आणि हा आकडा सगळीकडे सारखा पसरलेला नाही. जिथं मोहाची दारू सणावारात आणि देवकार्यात आहे, जिथं वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा बांधकामावर नवरा-बायको दोघंही दिवसभर राबतात आणि रात्री अंगदुखीवर हेच औषध असतं, तिथं तो वेगळा असणार. दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या लेकी-सुनाही आहेत. शनिवारच्या पार्टीत एखादा ग्लास घेताना दिवस राहिल्याचं अनेकींना माहीतही नसतं. हा कोणत्या एका जातीचा किंवा वस्तीचा आजार नाही. सिॲटलची आठ मुलं तीन वंशांची होती, ते याचसाठी लक्षात ठेवायचं.

औषधाच्या नावाखाली येणारी दारू कायद्यातही वेगळीच राहिली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या कायद्यातली अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंधनं रद्द केली. संविधानाच्या ४७ व्या कलमातही औषधी वापराला सूट आहेच. ते योग्यच आहे, पण त्यामुळे "औषधातली दारू म्हणजे दारू नव्हे" ही समजूतही पक्की झाली. इथे जरा हिशेब करू. अरिष्टाच्या २० मिलि डोसात ८ टक्के अल्कोहोल धरलं तर ते दीड ग्रॅमच्या आत भरतं. बाजारातल्या ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे या गोष्टी एका मापाच्या नाहीत आणि बाळंतपणात अरिष्ट घेतलं म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण पोटात बाळ असताना आसव-अरिष्ट किंवा कोणतंही टॉनिक स्वतःच्या मनानं घेऊ नये, वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावं. आणि "बिअर म्हणजे दारू थोडीच" हा भ्रम सोडावा.

बाटलीवरच्या इशाऱ्याचं काय? आपल्याकडे एफएसएसएआयचे मद्याबाबतचे नियम २०१८ मध्ये आले आणि एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांत ठरवलेला इशारा असा : मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. गाडीचा उल्लेख आहे, गर्भाचा नाही.

गडचिरोलीनं शिकवलेली गोष्ट

या विषयावर मला सगळ्यात जास्त वाट दाखवली ती एका वेगळ्याच अभ्यासानं. जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीच्या दोन खेड्यांतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी यंत्रणेला दिसत होतं. बाया दुखणं अंगावर काढत होत्या. कुणी आपुलकीनं विचारल्यावर त्या बोलल्या.

या अभ्यासाचा विषय दारू नव्हता. पण धडा तोच. एखादा आजार आपल्या भागात नाही असं म्हणण्याआधी आपण तो विचारला आहे का, हे आधी तपासायचं.

मग आज काय करायचं?

आधी थोडं शास्त्र. आईनं घेतलेली दारू वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या रक्तात तिचं प्रमाण साधारण आईइतकंच होतं. दारूचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा बाळात तयार झालेली नसते. शिवाय ती गर्भजलात साठून राहते. चेहरा आणि बरेचसे अवयव घडतात ते तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे अनेकदा दिवस गेल्याची खात्री व्हायच्या आधी किंवा त्या सुमाराला. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून किती घेतली तर चालेल, कोणत्या महिन्यात चालेल, कोणती चालेल, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : सुरक्षित असं काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून अजिबात नाही.

ओळखायचं कसं? तीन गटांतल्या खुणा पाहतात. चेहरा : डोळ्यांच्या आखूड फटी, नाकाखालची सपाट पन्हळ, पातळ वरचा ओठ. वाढ : जन्मतः किंवा नंतर उंची-वजन कमी. मेंदू : लहान डोकं, विसराळूपणा, अतिचंचलता, गणितात आणि पैशाच्या हिशेबात अडचण, केल्याचे परिणाम न कळणं, झटके. महत्त्वाचं म्हणजे दारूनं इजा झालेल्या बहुसंख्य मुलांचा चेहरा अगदी नेहमीसारखा असतो. इजा फक्त मेंदूत असते. अशी मुलं शाळेत "ढ", "हट्टी", "वात्रट" ठरतात आणि मार खातात. उलट, नुसत्या चेहऱ्यावरून निदान करायचं नाही. काही आनुवंशिक आजारांत आणि फिटच्या काही औषधांमुळेही असे चेहरे दिसतात. म्हणून निदान बालरोगतज्ज्ञांकडूनच. सोनोग्राफीत किंवा एखाद्या रक्ततपासणीत हा विकार पकडता येत नाही. आईनं मोकळेपणानं सांगितलेली माहिती हीच सगळ्यात मोठी तपासणी.

मुलासाठी : झालेली इजा पुसता येत नाही, पण लवकर कळलं तर फरक पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळांत येतात. त्यांच्या तपासणीत विकासातला विलंब, शिकण्यातली अडचण, अतिचंचलता यांचा समावेश आहे. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. घरी ठरलेली दिनचर्या, एका वेळी एकच सूचना, तीही पुन्हा पुन्हा, आणि मार अजिबात नाही. विसरणं हा त्याचा दोष नाही.

गर्भवतीसाठी : दिवस गेल्याचं कळायच्या आधी घेतली असेल तर घाबरू नका. तेवढ्यासाठी गर्भ पाडायचा विचार करू नका. आज थांबा आणि डॉक्टरांना सांगा. मात्र जी रोज भरपूर घेते, तिनं एकाएकी घरीच बंद करू नये. हात थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतो आणि तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. तिनं दवाखान्यात देखरेखीखाली सोडावी. "दारू सोडवणाऱ्या" पुड्या जेवणातून गुपचूप देण्याचा प्रकार तर कुणावरही करू नका, गर्भवतीवर मुळीच नाही. मदतीसाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि टेलि-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

नवऱ्यासाठी : माझ्या पेशंटला ग्लास नवऱ्यानं दिला होता, प्रेमानंच दिला होता. घरात बाटली येत असेल तर ती एकटी कशी थांबणार? नऊ महिने दोघांनी मिळून थांबायचं.

आणि आम्हा डॉक्टरांसाठी, आशाताईंसाठी, सिस्टरांसाठी : विचारायचं. सासू आणि नवरा बाहेर असताना, तंबाखूच्या प्रश्नाच्या पाठोपाठ, तितक्याच सहज. "तुम्ही दारू घेत नाही ना?" असं विचारलं की उत्तर "नाही"च येतं. मी आता असं विचारतो : "ताई, कामाचा शीण जावा म्हणून किंवा सणावाराला बऱ्याच जणी थोडी मोहाची, बिअर, काहीतरी घेतात. तुमचं कसं असतं?" आणि उत्तर काहीही आलं तरी रागवायचं नाही. रागावलो की पुढच्या खेपेला ती येतच नाही. तंबाखूच्या वेळी मी तीच चूक केली होती.

९ सप्टेंबर हा गर्भमद्य विकाराच्या जागृतीचा दिवस १९९९ पासून जगभर पाळतात. नवव्या महिन्याची नववी तारीख निवडली ती गर्भारपणाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून. योगायोग असा की आपल्याकडे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेलाच असते. म्हणजे आपल्याला वर्षातून बारा वेळा संधी आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन यांच्या जोडीला एक प्रश्न वाढवायचा. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

त्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं. तो आता शाळेत जातो. अजून विसरतो. पण त्याचे गुरुजी त्याला पहिल्या बाकावर बसवतात आणि एका वेळी एकच काम सांगतात. पुढे त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा ती तिसऱ्याच महिन्यात दवाखान्यात आली. खुर्चीवर बसता बसता, मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "साहेब, या टायमाले एक घोट बी नाई."

तरीही मी विचारलं. आता मी प्रत्येकीला विचारतो.